शेठच्या नकाराचा भाव

मी जुन्या गाड्यांची किंमत ठरवायचो, असं सांगितलं की लोक लगेच आपल्या सोसायटीत गंजत पडलेल्या गाडीबद्दल विचारतात. त्यांना मी सांगतो, तुमची गाडी जुनी आहे, दुर्मीळ नाही. भंगारवाला देईल ते घ्या आणि सुटा. माणसं नाराज होतात. पण नाराज करणं हा माझ्या कामाचा निम्मा भाग होता. किंमत ऐकून विकणारा आणि घेणारा दोघंही खूश झालेत, असं मी सगळ्या आयुष्यात फार क्वचित पाहिलं.

सुरुवात झाली अपघाताच्या गाड्यांपासून. फोर्टातल्या एका सर्व्हेअरच्या ऑफिसात मी ठोकलेल्या गाड्यांचं नुकसान काढायचो. आमच्या घरात गाडी म्हणजे गणपतीला चिपळूणला जाणारी एसटी, त्यामुळे गाड्यांचं वेड वगैरे काही नव्हतं, पोटासाठी शिकलो. ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा भाईंदर पूर्वेला घर घेतलं आणि स्वतःचं काम सुरू केलं. त्याच सुमाराला मुंबईतल्या हौशी मंडळींच्या जुन्या स्पोर्ट्‌स गाड्या आमच्या भागात यायला लागल्या. दोन सीटच्या, उघड्या टपाच्या, लांब नाकाच्या विलायती गाड्या. मुंबईत त्या ठेवायला जागा नव्हती आणि काशीमिऱ्याला हायवेच्या कडेला गाळे स्वस्त होते. मिठागरांवरून येणारी खारी हवा लोखंडाला काय करते, हे आमच्या गावात खिडकीच्या गजाला विचारलं तरी कळतं. पण स्वस्त भाड्यापुढे कोण ऐकतो.

साधी गाडी शोरूमच्या बाहेर पडली की तिची किंमत उतरायला लागते, हे सगळ्यांना माहीत आहे. या गाड्यांचं उलटं. त्या आधी उतरतात, मग बरीच वर्षं त्यांना कुणी विचारत नाही, आणि मग एक दिवस कुणाला तरी आठवतं की लहानपणी गावातल्या डॉक्टरांकडे अशी गाडी होती. तोवर त्याच्याकडे पैसा आलेला असतो. असे दोघं एकाच गाडीमागे लागले की किंमत तयार होते. मी जाऊन काय बघायचो? गाडी सगळी जागेवर आहे का, तिच्या सांगाड्यावरचा आणि इंजिनवरचा नंबर कागदाशी जुळतो का, पत्रा मूळचा आहे की पुट्टी भरून गुळगुळीत केलाय. खिशात रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक असायचं. ते पत्र्यावरून फिरवत न्यायचं. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी. सांगाड्याच्या नंबरावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासायची, म्हणजे आकडे उमटतात आणि कुणी नंतर ठोकले असतील तर तेही दिसतं.

एकदा भाईंदर पूर्वेच्या एका हार्डवेअरवाल्यानं, शांतीभाई त्यांचं नाव, मला मोठ्या उत्साहानं बोलावलं. घेतलेली लाल स्पोर्ट्‌स गाडी दाखवली, पेढा दिला. मी दाराच्या वरच्या कडेवरून हात फिरवला तर बोटाला कापल्याची कड लागली. ती साधी चार दारांची घरगुती गाडी होती. कुणीतरी तिचं छप्पर कापून, मागची दारं वेल्डिंगनं बंद करून, लाल रंग मारून शांतीभाईंच्या गळ्यात मारली होती. मी बिचकत बिचकत सांगितलं.

शांतीभाईंनी त्या कडेवरून स्वतःचं बोट फिरवलं. मग म्हणाले, "जाधवसाहेब, पण हवा तर तेवढीच लागते ना?"

या माणसाचं मला आजही कौतुक वाटतं. त्यांनी ती गाडी पुढे कित्येक वर्षं चालवली आणि कुणालाही ती स्पोर्ट्‌स गाडी आहे असं सांगितलं नाही.

आता मुद्द्यावर येतो. गाडी खरी आहे की खोटी ते हातानं कळतं. तिची किंमत हातानं कळत नाही. सोन्याचा भाव पेपरात येतो, शेअरचा येतो, या गाड्यांचा कुठे येत नाही. अशी गाडी वर्षातून एखादी विकली जाते, आणि तीही बंद खोलीत. विकणारा आकडा फुगवून सांगतो, घेणारा लपवतो. मग किंमत काढणाऱ्यानं टेकायचं कशावर? आमच्या भागात आम्ही सगळे एका माणसावर टेकायचो, आणि तो माणूस गाड्या विकत नसे.

कांतीशेठ म्हणून एक गृहस्थ होते. भाईंदरला त्यांचा स्टीलच्या भांड्यांचा कारखाना होता. काशीमिऱ्याच्या अलीकडे त्यांची एक लांबलचक शेड होती, आणि तिच्यात सहा विलायती स्पोर्ट्‌स गाड्या ओळीनं उभ्या असत. सगळ्यांवर गादीच्या कापडाची जाड कव्हरं, जमिनीपर्यंत. शेठ सफारी घालायचे, सुपारी कातरायचे, आणि कुणीही कितीही आकडा बोललं तरी डोकं हलवून म्हणायचे, "नहीं भाई, अपने को बेचना नहीं है."

हा नकार आमचा बाजारभाव होता. मुंबईचा कुणी हॉटेलवाला येऊन शेठला आकडा बोलायचा, शेठ नाही म्हणायचे, आणि संध्याकाळपर्यंत तो आकडा काशीमिऱ्यापासून दादरपर्यंत सगळ्या गॅरेजांत पोचायचा. शेठनं इतक्याला नाही म्हटलं, म्हणजे किंमत याच्या वर. पुढच्या खेपेला दुसरा जरा जास्त बोलायचा. शेठ पुन्हा नाही. मी स्वतः माझ्या किमतीच्या दाखल्यांत लिहायचो, 'परिसरात यापेक्षा जास्त रकमेची मागणी नाकारली गेल्याचे समजते.' हे वाक्य इंग्रजीत फार भारदस्त दिसायचं. शेअर बाजार चढत होता, बिल्डर लोकांकडे पैसा खेळत होता, आणि शेठ नाही म्हणत होते. आम्हा सगळ्यांचं बरं चाललं होतं.

विलायतेत अशा गाड्यांचे भाव कोसळायला लागलेत, असं एका गिऱ्हाइकाच्या लंडनच्या मेहुण्यानं कळवलं तेव्हा आम्ही गॅरेजात बसून हसलो. कोसळतात कसे? परवाच तर शेठनं नाही म्हटलं.

शेठच्या शेडमध्ये वर्षातून एकदाच, दसऱ्याला, सगळ्यांना बोलावणं असे. गाड्यांची पूजा व्हायची. हंसाबेन, म्हणजे शेठच्या पत्नी, झेंडूचे हार घेऊन उभ्या असत. शेठ एकेका गाडीचं कव्हर पुढून फक्त बॉनेटच्या अर्ध्यापर्यंत वर करायचे. चकचकीत जाळी, दोन मोठे गोल दिवे, बॉनेटची सुरुवात. तेवढ्यावर हळदकुंकू, हार, नारळ. की कव्हर खाली. पूर्ण गाडी उघडली तर नजर लागते, असं शेठ म्हणायचे, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. आम्ही त्याला मुखदर्शन म्हणायचो. मुंबईचे मोठमोठे गाडीवाले, दोन-तीन दलाल, मी, सगळे चपला बाहेर काढून हात जोडून ओळीनं पुढे सरकायचो आणि मग फाफडा-जिलेबी खायचो. ज्या हातांनी आम्ही एरवी दुसऱ्याच्या गाडीखाली आडवे होऊन नंबर शोधायचो, ते हात तिथे जोडलेले असायचे. पूजेच्या गाडीला लोहचुंबक कोण लावणार?

आता हरीभाऊ म्हात्रे. मोरव्याचा हा डेंटर माझा मित्र. पत्र्याचं काम करणारे पुष्कळ बघितले, पण हा माणूस पुट्टी वापरायचाच नाही. ठोकून ठोकून पत्राच असा बसवायचा की माझं चुंबक त्याच्या गाडीवर कुठेही हट्टानं चिकटून राहायचं. तारोडीच्या एका ख्रिस्ती कुटुंबाच्या आवारात माडाखाली एक दोन सीटची गाडी सडत पडली होती, कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. हरीभाऊनं ती घेतली आणि आपल्या अंगणात आणून ठेवली. दिवसभर लोकांच्या गाड्या, उरलेल्या वेळात ही. नंबर सगळे जुळत होते, पत्रा मूळचा, इंजिन मूळचं. माझ्या हाताखालून गेलेल्या गाड्यांत इतकी सच्ची गाडी दुसरी नाही.

ती त्याला ठेवायची होती. पण मोरव्याच्या त्या घरात आणि अंगणात धाकट्या भावाचा अर्धा वाटा होता, आणि भावाला बिल्डर भेटला होता. भावानं हरीभाऊला तोंडावर सांगितलं, गुढीपाडव्याच्या आत माझा वाटा रोख दे, म्हणजे घर तुझं. नाहीतर मी सही करून मोकळा होतो. वडिलांनी बांधलेलं घर, अंगणातली विहीर, काम करायची जागा, सगळं त्या एका वाक्यावर येऊन थांबलं. हरीभाऊकडे विकण्यासारखं एकच होतं.

गिऱ्हाईक मी आणलं. साळवी म्हणून जहाजावरचे इंजिनियर, नोकरी सोडून मीरा रोडला स्थायिक झालेले. सरळ माणूस. हौस होतीच, शिवाय साठवलेला पैसा अशा गाडीत घातला तर म्हातारपणी वाढलेला मिळेल, असा हिशेब होता. त्यांनी गाडी बघितली, माझ्या तोंडून किंमत ऐकली, हरीभाऊच्या बायकोच्या हातचा चहा घेतला आणि विसार दिला. बाकीची रक्कम माझा सही केलेला दाखला हातात आला की द्यायची. किंमत अशी होती, की भावाचा वाटा निघून हरीभाऊला वर थोडे उरले असते. ही किंमत मी कशावरून काढली हे सांगायला नकोच. शेठनं तशाच एका गाडीच्या मागणीला आदल्याच महिन्यात नकार दिला होता.

दसरा झाला. मुखदर्शन झालं. त्या वर्षी हरीभाऊही आला होता. शेठनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "सुना है तू बेच रहा है? अपनी चीज बेचनी नहीं चाहिए."

हरीभाऊनं त्यांना वाकून नमस्कार केला.

त्यानंतर चारपाच दिवसांतच शेठ गेले. कारखान्यात खुर्चीवर बसल्या बसल्या. बाराव्या-तेराव्याचं आटोपल्यावर हंसाबेनचा निरोप आला, की गाड्यांची किंमत काढायची आहे, या. शेड वर्षभर बंद असायची, गाड्या हलवायला कुणी हाताशी असावं म्हणून मी हरीभाऊला बरोबर घेतलं. तोही खुशीत आला. शेठच्या गाड्या पूर्ण बघायला मिळणार, हे त्याच्यासाठी लग्नाच्या जेवणासारखं होतं.

हंसाबेन पांढऱ्या साडीत आल्या होत्या. किल्ल्यांचा जुडगा त्यांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "शेठ हमेशा बोलते थे, मेरे बाद ये छह गाड़ियाँ तुझे संभालेगी."

मी पहिल्या गाडीचं कव्हर पुढून उचललं. जाळी, दिवे, बॉनेट, सुकलेला झेंडूचा हार. हरीभाऊनं मागच्या टोकाला कव्हर धरलं आणि आम्ही दोघांनी मिळून ते एका झटक्यात काढलं.

बॉनेटच्या मध्यावर गाडी संपत होती.

त्याच्या मागे बांबू होते. मंडपाला बांधतात तसे सुतळीनं बांधलेले, गाडीच्या पाठीचा बाक येईल असे वाकवलेले. मधे भुशानं भरलेली पोती. खाली विटांवर ठेवलेले चार गुळगुळीत टायर, कव्हराच्या झालरीखालून दिसण्यापुरते. मला पहिल्यांदा काय दिसतंय तेच कळेना. वाटलं, ही एखादी मोडलेली असेल, हिला आधार दिला असेल. मी दुसरीचं कव्हर ओढलं. तिसरीचं हरीभाऊनं ओढलं. चौथीचं पुन्हा मी ओढलं. सहाच्या सहा तशाच. सहा नाकं आणि मागे बांबूचे सांगाडे.

मी आयुष्यात चेपलेल्या गाड्यांत माणसं पाहिली आहेत, तेव्हाही मी इतका हादरलो नव्हतो. मी मूर्खासारखा एका पोत्यावर हात ठेवून ते दाबून बघितलं.

हंसाबेन पुढे झाल्या. एका नाकापासून दुसऱ्यापर्यंत गेल्या, बांबूच्या आत डोकावल्या, भिंतीपर्यंत जाऊन परत आल्या. मग अगदी साध्या आवाजात, हरवलेली पिशवी विचारावी तसं त्यांनी मला विचारलं, "भाई, बाकी की गाड़ी किधर है?"

हरीभाऊ उकिडवा बसून बॉनेटची कापलेली कड बोटानं तपासत होता. "ब्लेडनी कापलंय," तो म्हणाला. "लय दिवस झालं. कडंला गंज हाय बघ."

कारखान्याच्या जुन्या मॅनेजरला बोलावलं, तेव्हा तो रडत रडत बोलला. भांड्यांचा धंदा कित्येक वर्षांपूर्वीच बसला होता. शेठनं आधी एका गाडीचं इंजिन काढून विकलं, मग चाकं, मग दारं, सीट, गिअरबॉक्स. सुट्या भागांना बाहेर चांगले पैसे येत होते. एक संपली की दुसरी. नाकं तेवढी ठेवली, कारण शेठकडे सहा गाड्या आहेत या एका गोष्टीवर बाजारात त्यांचा शब्द चालत होता. व्यापारी उधारी देत होते, सोयरे मान देत होते. आणि आम्ही किंमत काढत होतो. शेठ विकत नव्हते, कारण शेठकडे विकायला काही नव्हतं. आकडा जेवढा मोठा, तेवढा त्यांचा नकार शांत, आणि तो शांतपणा बघून आम्ही थक्क व्हायचो. आम्ही जे पाहिलं ते खरंच होतं, अगदी सच्चं. फक्त तेवढंच होतं.

हंसाबेननं निघताना माझा हात धरला. "किसी को बोलना मत. लोग उनके बारे में क्या बोलेंगे." मी शब्द दिला.

परत येताना हरीभाऊ स्कूटरवर माझ्या मागे बसला होता. मोरव्याच्या वळणावर त्यानं मला थांबायला लावलं.

"जाधवदादा, दाखला कवा देणार?"

"परवा साळवी येणारेत ना तुझ्याकडे."

"मंग परवापर्यंत गप ऱ्हा. माझी गाडी तर खरी हाय."

"गाडी खरीच आहे, हरीभाऊ. किंमत कशाची काढलीये ती आपण आत्ता बघून आलो."

"त्यो माणूस तेवढे पैशे द्यायला तयार हाय. मी मागतोय, त्यो देतोय. तुला काय अडचण हाय?"

प्रश्न बरोबर होता. मी दोन दिवस तोच प्रश्न स्वतःला विचारत होतो. साळवी राजी, हरीभाऊ राजी, गाडी सच्ची. शिवाय हंसाबेनना दिलेला शब्द. माझ्या एका सहीनं एक घर वाचत होतं. पण साळवी त्या आकड्यावर नव्हे, माझ्या सहीवर पैसे देत होते. त्यांना वाटत होतं की उद्या गरज पडली तर याच भावानं घेणारा दुसरा कुणी आहे. तसा कुणी नाही, हे मला आता माहीत होतं. तारोडीच्या माडाखालून आलेली गाडी आणि शेठचे बांबू एकाच कागदावर बसवायला माझा हात उचलेना.

साळवी आले. अंगणात गाडी उन्हात उभी होती, हरीभाऊच्या बायकोनं, सुगंधावहिनींनी, तिच्याभोवती रांगोळी काढली होती. मी साळवींना सांगितलं, की मी सांगितलेली किंमत मागे घेतोय, त्या आकड्यावर मी सही करणार नाही.

"का? गाडीत काही निघालं का?"

"गाडीत काही नाही. गाडी एक नंबर आहे."

"मग शेठ गेले म्हणून?"

मी गप्प राहिलो. हंसाबेनना शब्द दिला होता. साळवी हुशार माणूस, जहाजावर आयुष्य काढलेला; बंदरावर माणसं गप्प झाली की काय समजायचं ते त्यांना कळत होतं. त्यांनी विचारलं, "बरं, मग आजची योग्य किंमत काय? ती लिहा, मी घेतो."

इथे मी दुसऱ्यांदा हादरलो. मला आकडा सांगता येईना. तोंड उघडलं आणि आत काही नव्हतं. इतकी वर्षं मी ज्याच्यावर टेकून उभा होतो ते काढून घेतल्यावर माझ्याकडे पेन्सिल, कागद आणि लोहचुंबक एवढंच उरलं होतं, आणि त्यातलं काहीच किंमत सांगत नाही. निम्मी? पाव? कुणाला विचारून सांगू? साळवी वाट बघत होते. हरीभाऊ माझ्या तोंडाकडे बघत होता. शेवटी मी म्हणालो, "मला माहीत नाही."

हरीभाऊ उठला, घरात गेला, विसाराचं पाकीट घेऊन आला आणि साळवींच्या हातात ठेवलं. "घ्या सायेब. भाव कळला की या."

साळवींनी ते घेतलं. त्यांची चूक नव्हती.

मी कारण कुणाला सांगितलं नाही. पण जाधवनं सही केली नाही, एवढंच पुरलं. का नाही केली, याची चौकशी सुरू झाली. पुढच्याच आठवड्यात शेठच्या शेडमधून बांबू आणि पोती टेम्पोत भरून गेली आणि टेम्पोवाल्यानं चहाच्या टपरीवर सांगितलं. मग जे झालं ते मी परत कधी पाहिलं नाही. वर्षानुवर्षं कव्हरं न काढणारे लोक एकदम कव्हरं काढून गाड्या रस्त्यावर आणून उभ्या करायला लागले. सगळ्यांना विकायच्या होत्या. काल ज्या दलालाकडे घेणाऱ्यांची रांग होती, त्याच्याकडे आज सगळे विकणारे. भाव पडला म्हणायलासुद्धा कुणीतरी काहीतरी भाव बोलावा लागतो. कुणी बोलतच नव्हतं. मुंबईचे एक मोठे गाडीवाले, जे मुखदर्शनाला पहिल्या रांगेत असायचे, मला फोनवर म्हणाले, "जाधव, माझ्या गाड्या आहेत ना? पूर्ण आहेत ना? येऊन बघून जा." त्यांच्या गाड्या त्यांच्याच गॅरेजात होत्या. तरी मी गेलो, कव्हरं काढून दाखवली, तेव्हा त्यांना धीर आला. लोकांचा स्वतःच्या डोळ्यांवरचासुद्धा विश्वास उडाला होता.

मी हरीभाऊसाठी जमेल तेवढं केलं. दलालांकडे गेलो, लग्नाला गाड्या भाड्यानं देणाऱ्यांकडे गेलो, शांतीभाईंकडेसुद्धा गेलो. शांतीभाई गाडी बघून म्हणाले, "चीज सोना आहे, जाधवसाहेब. पण मी घेतली तर लोक हसतील. आता सगळे म्हणतात, ह्या गाड्यांत बांबू असतो."

हरीभाऊनं भावाच्या हातापाया पडून मुदत मागितली. भाऊ काही वाईट नव्हता, पण बिल्डर थांबायला तयार नव्हता. पाडव्याला सह्या झाल्या.

किमती परत आल्या. चारेक वर्षं लागली, पण आल्या, आणि पूर्वीपेक्षा वर गेल्या. साळवींनी माझ्याच दाखल्यावर पुढे एक गाडी घेतली, हरीभाऊच्या गाडीपेक्षा बरीच हलकी, आणि तिच्यासाठी मी मागे घेतलेल्या आकड्यापेक्षा जास्त मोजले. म्हणजे मी काढलेली किंमत चूक नव्हती म्हणायची? हे मी अजून कुणाला समजावून सांगू शकत नाही. ज्याच्यावर उभी केली ते खोटं होतं आणि आकडा खरा निघाला. लोकांना पुन्हा विश्वास बसायला जेवढा वेळ लागला तेवढा हरीभाऊकडे नव्हता, एवढाच काय तो फरक.

घर रिकामं करायच्या दिवशी मी मोरव्याला गेलो होतो. सामान टेम्पोत चढत होतं. हरीभाऊनं भाईंदर पूर्वेला एका इमारतीच्या मागे गाळा भाड्यानं घेतला होता, पण त्याचं शटर अरुंद होतं आणि गाडी आत जात नव्हती. ती तात्पुरती माझ्या ओळखीच्या एका गोडाऊनला न्यायची होती. तो पुढे दोर बांधत होता. माझ्याशी नेहमीसारखा बोलत होता, दोर नीट बांधला का बघ म्हणाला. त्यानं मला एका शब्दानं दोष दिला नाही, आणि ते मला फार जड जात होतं.

सुगंधावहिनी विहिरीच्या कट्ट्यावर बसल्या होत्या. हातात कळशी होती, ती टेम्पोत द्यायची राहून गेली होती. मी जवळ गेलो. काहीतरी बोलावं म्हणून म्हणालो, "वहिनी, नवीन जागी सगळं ठीक होईल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. काहीतरी समजून घ्यायचं राहून गेलंय, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"भावजी, एक इचारू? शेठची गाडी खोटी व्हती ना?"

"हो, वहिनी."

"अन् आमची?"

"तुमची खरी आहे. अगदी खरी."

"आन् तुम्ही पन खरंच बोल्लात."

मी मान हलवली.

"मंग आमचं घर कसं गेलं?"

हरीभाऊनं टेम्पोवाल्याला हळू घे म्हणून सांगितलं. दोर ताणला आणि गाडी अंगणातून बाहेर निघाली.